तिसऱ्यांच्या पोटातून काचेसारखी काडी निघाली, किडा आहे का? प्लीज कोणीतरी सांगा

ऐरोलीकर

नमस्कार, इथे बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा विचारतेय. रविवारी सकाळी कोळीवाड्याच्या तोंडाशी ज्या मावशी बसतात त्यांच्याकडून तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचे, दोन वाटे घेतले. सासूबाई असत्या तर नेहमीसारख्या रात्रभर फ्रीजरमध्ये टाकून सकाळी विळीवर उघडल्या असत्या, पण त्या गावी आणि मला दुपारच्या जेवणालाच करायच्या होत्या, म्हणून सुरीचं टोक घालून कच्च्याच उघडायला बसले. दहा-बारा झाल्यावर एकीतून एक काडी बाहेर सरकली. साधारण दीड-दोन सेंटीमीटर, एका बाजूला जरा जाड, दुसऱ्या बाजूला निमुळती, आणि पूर्ण आरपार, म्हणजे शिजलेली शेवई असते ना तशी पण काचेची केलीय असं वाटावं. हाताला लागली तर जेलीसारखी, पण तुटत नव्हती, वाकवली की परत सरळ व्हायची. माझी मुलगी आठवीत आहे, ती शेजारीच उभी होती, ती ओरडलीच, आई किडा! मग पुढच्या दोन-तीन तिसऱ्यांतही तेच निघालं आणि माझा धीर सुटला, अख्खं पातेलं टाकून दिलं. नंतर दिवसभर वाईट वाटत राहिलं, पैशाचं तर वाटलंच पण एवढे जीव असे कचऱ्यात गेले त्याचं जास्त.

तर पहिला प्रश्न, ते काय होतं? किडा असेल तर याआधी आम्ही न बघता खाल्ले असतील का? आणि सगळ्यांमध्ये का नव्हतं, तीन-चारमध्येच का?

दुसरं, मुलीने मला रात्री झोपताना एवढे प्रश्न विचारले की मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. त्यांना डोकं कुठे असतं, तोंड नाही दिसत मग खातात काय, सुरी लावली की घट्ट बंद होतात म्हणजे त्यांना कळतं का, आणि शिजवल्यावर आपोआप का उघडतात. मला खरंच जाणून घ्यायचंय, कारण इतकी वर्षं खातोय आणि आत काय आहे ते एकदाही नीट बघितलं नाही.

फळ्यासमोर

ताई, आधी काळजी सोडा. किडा नव्हता. तो त्या तिसरीचाच अवयव होता, आणि माझ्या मते तिच्या शरीरातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. ठाण्यात ज्युनियर कॉलेजला ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्यात दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन यायचा, सर आमच्या घरी शिंपल्यात जंत निघाला.

त्याला क्रिस्टलाइन स्टाइल म्हणतात, आपण स्फटिकदंड म्हणू. ते काय करतं हे समजायला आधी ती खाते कशी ते बघावं लागेल. तुमच्या मुलीचं निरीक्षण बरोबर आहे, तिसरीला डोकं नाहीच. जबडा नाही, दात नाहीत, गोगलगाईची जी खरखरीत जीभ असते तीही नाही. ती चिखलात किंवा वाळूत पुरून घेऊन बसते आणि वर दोन नळ्या काढते. एका नळीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. आतमध्ये पडद्यासारखे कल्ले असतात, तुम्ही उघडल्यावर दोन्ही बाजूंना ज्या पातळ झालरी दिसतात त्याच. त्यांच्यावर लाखो सूक्ष्म केस हलत असतात, त्या केसांनीच पाणी ओढलं जातं, श्वासही तिथेच आणि जेवणही तिथेच. पाण्यातली शेवाळाची कणाएवढी रोपं, कुजलेल्या पानांचा भुगा वगैरे त्या झालरीवरच्या चिकट थरात अडकतं आणि त्याची बारीक दोरी होऊन तोंडाकडे जाते. तोंड असतं, फक्त एक फट असते. तोंडाशी दोन जोड ओठांसारख्या पाकळ्या असतात त्या निवड करतात, नको ते म्हणजे वाळू, जाड कण, ते चिकट गोळा करून पोटात न नेताच बाहेर टाकतात.

आता ती चिकट दोरी पोटात ओढायची कोणी? तिथे हा दंड येतो. तो एका पिशवीत उभा असतो आणि पिशवीच्या आतले केस त्याला सतत गोल फिरवत असतात. आडावरचा रहाट आठवा, दोर गुंडाळला जातो आणि बादली वर येते, तसा हा दंड फिरतो आणि अन्नाची दोरी त्याच्यावर गुंडाळत आत येते. शिवाय त्याचं टोक पोटातल्या एका कडक पट्टीवर घासत राहतं, ताक घुसळायच्या रवीसारखं, आणि घासता घासता झिजतं, झिजलं की त्याच्यातले पाचकरस सुटतात. म्हणजे दोर ओढणं, घुसळणं, पाचकरस सोडणं ही तिन्ही कामं एकच काडी करते. टोकाला झिजते आणि मुळाशी नवी बनत राहते. प्राण्यांच्या शरीरात असा सुटा, गोल फिरणारा भाग फार फार क्वचित सापडतो.

सगळ्यांत का नव्हती? एक तर बहुतेक वेळा ती आत पिशवीतच राहते, सुरीने पिशवी चिरली गेली तरच बाहेर सरकते. दुसरं कारण जरा हळहळ वाटायला लावेल. बऱ्याच जातींत उपाशी राहिलं किंवा पाण्याबाहेर बराच वेळ गेला की हा दंड विरघळत जातो, आणि पुन्हा खायला मिळालं की परत तयार होतो. म्हणजे तो ठणठणीत निघाला याचा अर्थ ती तिसरी अगदी थोड्या वेळापूर्वीपर्यंत खाडीत जेवत होती. तुमचा माल ताजा होता.

उघडण्या-मिटण्याचं सांगतो. दोन शिंपा मागे जिथे जोडलेल्या असतात तिथे एक काळपट तपकिरी लवचिक पट्टी असते. कपड्यांचा चिमटा घ्या आणि त्याच्या नेमकं उलटं समजा. चिमट्याची स्प्रिंग त्याला बंद ठेवते आणि आपण दाबून उघडतो. तिसरीची पट्टी शिंपा उघडायला बघते आणि आतला जीव दोन स्नायूंनी ओढून बंद ठेवतो. रिकाम्या शिंपीच्या आत दोन गुळगुळीत गोल डाग दिसतात ना, ते त्या स्नायूंचे ठसे. या स्नायूत दोन प्रकारचं मांस असतं, एक झटकन मिटणारं आणि दुसरं कुलपासारखं, जे एकदा आवळलं की फारशी ताकद खर्च न करता तासन्‌तास आवळलेलं राहतं. म्हणून सुरी लावताना तुमचा हात दुखतो, तिचा नाही. शिजवलं की ते स्नायू उष्णतेने सुटतात आणि पट्टी शिंपा उघडते. मेली तरी तेच होतं. म्हणून आपल्या आयाबाया कच्ची उघडी तिसरी दिसली की टकटक करून बघतात, मिटली तर जिवंत, नाही मिटली तर टाकून देतात. सासूबाईंच्या फ्रीजरचंही गुपित हेच आहे, थंडीने मरते आणि पकड सुटते.

कळतं का? मेंदू नाही, मज्जापेशींच्या गाठींच्या तीन जोड्या आहेत, एक तोंडापाशी, एक पायात, एक मागच्या स्नायूजवळ. स्पर्श कळतो, पाण्यातला वास कळतो, नळ्यांच्या टोकांना सावली पडलेली कळते. हृदय आहे, तीन कप्प्यांचं, आणि बऱ्याच शिंपल्यांत आतडं चक्क त्या हृदयाच्या मधून जातं. हे मुलीला नक्की सांगा, आठवीतल्या पोरांना हे फार आवडतं.

विळी_आणि_पाटा

सर किती छान सांगितलंत, मी दोनदा वाचलं. माझं माहेर मालवणकडचं, आता २२ वर्षं ठाण्यात खारकर आळीजवळ. आमच्याकडे एकशिपी करतात, एका शिंपीत सगळं मांस ठेवायचं, दुसरी शिंप टाकायची आणि वाटपात शिजवायचं, त्यामुळे हजारो तिसऱ्या या हाताने उघडल्यात आणि ती काडी मीही कितीदा पाहिलीय. आई म्हणायची तिसरीची नस आहे, काढू नको. तिने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, पण किडा नाही एवढं तिला पक्कं माहीत होतं.

ऐरोलीकर ताई, अजून एक सांगून ठेवते म्हणजे पुढच्या वेळी घाबरायला नको. कधीतरी आत वाटाण्याएवढा मऊ खेकडा निघतो, पांढरट किंवा पिवळसर. तो खराब मालाची खूण नाही, तो तिथे राहतोच.

आणि एक शंका सर. कधी तिसऱ्या अशा भरलेल्या मिळतात की मांस शिंपीतून बाहेर येतं, आणि कधी तेवढीच मोठी शिंपली पण आत पाणचट काहीतरी चिकटलेलं. मावशी म्हणतात पुनवेनंतर रिकाम्या होतात. खरं आहे का हे?

फळ्यासमोर

विळी ताई, खेकड्याचं अगदी बरोबर, त्याला इंग्रजीत पी क्रॅबच म्हणतात, वाटाणा खेकडा. शिंपलीने गोळा केलेल्या अन्नावर हात मारतो आणि आयतं घर मिळतं म्हणून त्याचं कवच मऊच राहतं.

भरलेल्या-रिकाम्याचं कारण पिल्लावळ. तिसऱ्यांत बहुतेक नर वेगळे, मादी वेगळी, बाहेरून काहीच फरक दिसत नाही. अंडी किंवा शुक्रजंतू तयार होत आले की तो दुधाळ भाग पायाच्या वरच्या बाजूला गच्च भरतो, तीच तुमची भरलेली तिसरी. मग पाण्याचं तापमान, खारेपणा, भरतीचा जोर अशा कशाने तरी इशारा मिळतो आणि एक सोडायला लागली की आजूबाजूच्याही सोडतात, सगळं पाण्यातच मिसळतं. ते झालं की पाणचट. पुनवेचा संबंध जुने लोक जोडतात तो उधाणाच्या भरतीमुळे असणार, काही जातींत चंद्राप्रमाणे चालतंही.

पुढचा भाग अजून मजेचा आहे. साधारण एका दिवसात अंड्यातून केसाळ ठिपका तयार होऊन पोहायला लागतो, मग त्याला इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची इवलीशी शिंप येते आणि दोन-तीन आठवडे तो प्रवाहाबरोबर वाहत जातो. आयुष्यात तेवढाच काय तो प्रवास. मग पाय फुटतो, तळाला टेकून चाचपून बघतो, जागा पटली की बसतो. लाखो अंड्यांतून किती जण तिथवर पोचत असतील याचा विचार करा, मासे, खेकडे, जेलीफिश, सगळे खायला बसलेले असतात. नदी-तळ्यातल्या काळपट मोठ्या शिंपल्यांची तर तऱ्हाच वेगळी, त्यांची पिल्लं माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिमट्यासारखी चिकटतात आणि काही दिवस माशाच्या अंगावर काढून मग तळाला पडतात. वाहत्या पाण्यात समुद्राकडे ढकललं जायचं नसेल तर वर नेणारं वाहन हवंच ना.

खाडीवाला

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी सारसोळ्याचा, आमच्या घरात चार पिढ्या खाडीवर. माझी आय आणि तिच्या जावा सगळ्या शिंपल्या काढायला जायच्या, आम्ही पोरं मागनं टोपली घेऊन. पुनव-अवसेला आपल्याकडं भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे सुकती (ओहोटी) सकाळी सहा-साडेसहाला, आणि उधाणाचं पाणी असल्यामुळं सुकतीला लांबपर्यंत उघडं पडतं. भांगाच्या दिवसात पाणी जास्त हलत नाही तेव्हा कोण जात नसे. थंडीत गुडघाभर चिखलात पाय घातला की पहिल्यांदा असा बर्फासारखा लागायचा आणि मग खाली खाली गरम. आय पायानंच शोधायची, अंगठ्याला टणक लागलं की वाकून हात घालायची, बघायचीसुद्धा नाही. मला मात्र बघायला शिकवलं होतं, ओल्या चिखलावर दोन बारीक भोकं शेजारी शेजारी दिसली की तिथं खाली शिंपली. सर म्हणाले त्या दोन नळ्यांचीच ती भोकं, हे आज कळलं! जवळ पाऊल टाकलं की भोकातनं पाण्याची पिचकारी उडायची आणि भोक बुजायचं.

आणि काय वेगानं खाली जायची. लोकांना वाटतं शिंपली म्हणजे दगड, हलत नाही. तुम्ही हात घालेपर्यंत वीतभर खाली गेलेली असायची एखादी जात. जीभ बाहेर काढून चिखलात खुपसते आणि मागनं शिंप ओढून घेते.

आमच्याकडं एक वेगळी पण यायची, जाडजूड, वरनं कौलासारख्या उभ्या पन्हाळ्या, ती उघडली की लाल पाणी, बोटाला कापलं का काय असं वाटायचं. पांढरीवाल्या गुळगुळीत तिसऱ्यांत असं लाल नसतं. ते का सर?

नावांचं म्हणाल तर तिसऱ्या, शिवल्या, खुबे, मुळे, गाव बदललं की नाव बदलतं, एकानं एक सांगितलं म्हणून दुसऱ्यानं भांडू नये.

अजून एक. लहानपणी किनाऱ्यावर भोक पडलेल्या शिंपल्या जमवून आम्ही माळ करायचो. एकदम गोल भोक, मशीननं पाडल्यासारखं, वरनं रुंद आणि आत अरुंद, बहुतेक वेळा बिजागरीच्या बाजूला. आय म्हणायची ते गोगलगाय करते. खोटं वाटायचं.

आता खरं दुःख सांगतो. माझ्या लहानपणी दोन तासात टोपली भरायची. आता आमच्या बाजूला जाळं टाकलं तरी प्लास्टिकच जास्त येतं, आणि शिंपल्यांच्या जागेवर गाळ एवढा बसलाय की पाय मांडीपर्यंत जातो आणि खाली टणक काही लागतच नाही. आय आता ७४ वर्षांची आहे, गुडघे गेलेत, पण पुनव आली की अजून सकाळी उठून खिडकीतनं खाडीकडं बघते.

फळ्यासमोर

खाडीवाला दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर आहे. ती जीभ म्हणजे पाय. कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चपटा पाय खाली खुपसायचा, मग त्याच्या टोकात रक्त भरून ते फुगवायचं म्हणजे नांगर रुतल्यासारखं होतं, मग शिंपा झटकन मिटायच्या म्हणजे आतलं पाणी जोरात सुटून आजूबाजूची वाळू सैल होते, आणि त्याच क्षणी पाय आखडून शिंप खाली ओढायची. पुन्हा पुन्हा.

भोकाचंही खरं. गुळगुळीत गोल कवचाची एक शिकारी गोगलगाय असते, मून स्नेल म्हणतात, ती शिंपलीला पायाने गुंडाळते, आम्लासारखा रस लावून कवच मऊ करते, खरखरीत जिभेने किसते, पुन्हा रस, पुन्हा किसणं, असं कित्येक तास चालतं. भोक पडलं की आतलं मांस खाते.

लाल पाण्याची ती ब्लड क्लॅम. बहुतेक शिंपल्यांचं रक्त बिनरंगी असतं, पण तिच्यात आपल्यासारखं हिमोग्लोबिन आहे. काळ्या चिखलात ऑक्सिजन कमी, तिथे ते कामाला येतं.

कळवा_नाका

सगळं वाचलं, माहिती खूप चांगली आहे, पण मला काळजीने एक विचारायचंय आणि कोणाचं मन दुखवायचं नाहीये. ती जर दिवसभर खाडीचंच पाणी गाळत बसत असेल तर त्या पाण्यात जे काय आहे ते सगळं तिच्यात जाणार ना? मी रोज कळवा ते वाशी ट्रेनने जातो, ऐरोलीच्या पुढे मागे खाडीला मिळणारे नाले दिसतात, त्यांचा रंग बघून पोटात गोळा येतो. घरात दोन वर्षांचं बाळ आहे, बायको परत गरोदर आहे. मी घरी शिंपल्या आणणं बंद केलंय. चुकतोय का मी?

खाडीवाला

चुकत नाही दादा, आणि मन पण दुखलं नाही. आम्ही पण आता नाल्याच्या तोंडाजवळचं काढत नाही, घरी तर नाहीच नाही. एवढंच म्हणणं आहे की घाण आम्ही सोडली नाही, पण गिऱ्हाईक तुटतं ते आमच्या बायकांचं. लोक मावशीला विचारतात खाडीचा माल आहे का आणि हो म्हटलं की पुढं जातात. नाला सोडणाऱ्याला कोण विचारत नाही.

फळ्यासमोर

कळवा नाका, प्रश्न योग्य आहे. यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण लोक त्यांची गल्लत करतात.

एक म्हणजे जंतू. सांडपाण्यातले जीवाणू, विषाणू तिच्या कल्ल्यात, पोटात जमतात. हे नीट शिजवलं की मरतात, अर्धवट शिजवलं तर नाही. १९८८ साली चीनमध्ये शांघायला ब्लड क्लॅम नुसत्या गरम पाण्यातून काढून खाल्ल्याने कावीळ पसरली, हिपॅटायटिस ए, जवळजवळ ३ लाख लोक आजारी पडले. आपल्याकडे वाटपात रटरट शिजवायची पद्धत आहे ती या बाबतीत चांगलीच आहे, शिंप उघडली की लगेच गॅस बंद करू नका, अजून चार-पाच मिनिटं उकळू द्या.

दुसरं म्हणजे कॅडमियम, शिसं, पारा यांसारखे जड धातू. हे उकळून, तळून, मिठाच्या पाण्यात ठेवून जात नाहीत, मांसातच राहतात. म्हणून लहान बाळ आणि गरोदर बाई यांच्यासाठी कारखान्यांच्या पट्ट्यातल्या खाडीचा माल टाळायचा हा तुमचा निर्णय मला पटतो. स्वच्छ किनाऱ्याचा माल खात्रीने मिळाला तर गोष्ट वेगळी.

पण याच गुणामुळे जगभर शिंपल्यांना पाण्याचे पहारेकरी म्हणून वापरतात. एडवर्ड गोल्डबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये ही कल्पना मांडली, मसल वॉच, मसल ही शिंपलीचीच एक जात. पाण्याचा नमुना घेतला तर त्या क्षणाचंच कळतं, नाल्यात रात्री काय सोडलं ते सकाळी वाहून गेलेलं असतं. शिंपली मात्र आपली जागा सोडून लांब जात नाही आणि आठवडे-महिने जे आलं ते साठवते. आपली ठाण्याची खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. फ्लेमिंगो बघायला आपण बोटीने जातो, ते उडून दुसरीकडे जाऊ शकतात. खाडीचं खरं काय चाललंय ते विचारायचं तर चिखलात बसलेल्यांना विचारायला हवं.

आणि दादा, मासेमारी आणि शिंपल्या दोन्ही टिकतात याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळात अष्टमुडी सरोवरात तिसऱ्यांच्याच जवळच्या जातीची मोठी मासेमारी चालते. तिथल्या लोकांनी डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे पिल्लं पडायच्या दिवसांत, काढणं बंद ठेवलं, जाळ्याचं भोक मोठं केलं म्हणजे बारीक शिंपल्या खाली गळून जातात. २०१४ मध्ये त्यांना मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं, म्हणजे साठा न संपवता मासेमारी करणाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच. पण त्यांचं पाणी त्यातल्या त्यात बरं आहे. इथे नाले थांबल्याशिवाय नुसत्या कोळ्यांनी नियम पाळून काही होणार नाही, हे मी तुमच्या बाजूने म्हणतोय.

विळी_आणि_पाटा

वाळू काढायला गोड्या पाण्यात ठेवू नका कोणी, मिटून बसतात आणि मरतात. एक लिटरला दीड-दोन मोठे चमचे खडेमीठ, पाणी जेमतेम बुडेल एवढंच, वर ताट अर्धवट झाकून अंधार करायचा, दोन-तीन तास. पाणी खोल असेल तर खालच्या गुदमरतात.

ऐरोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, मला वाटलं नव्हतं एवढं कोणी लिहील. काल परत गेले त्याच मावशींकडे, थोड्याशाच घेतल्या, आणि विळी ताईंनी सांगितलं तसं मिठाचं पाणी करून मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर काचेच्या मोठ्या बाऊलमध्ये ठेवल्या, लाईट बंद केली, मोबाईलच्या टॉर्चवर रुमाल टाकून दोघी बसलो. पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही. मग एकीची फट केसाएवढी उघडली आणि आधी पांढरट जिभेचं टोक, मग मागच्या बाजूने त्या दोन नळ्या, फिक्या रंगाच्या, टोकाला बारीक झालर. मुलीने ड्रॉपरने हळदीचा एक थेंब नळीजवळ सोडला आणि आम्ही बघत राहिलो, पिवळी रेघ वाकडी होत होत एका नळीत शिरली. तिने हात वर धरला तर सावली पडल्याबरोबर नळ्या आत! ती परत परत करत होती, मग मीच थांबवलं, म्हटलं जेवू दे तिला.

शिंपीवरच्या रेघा पण मोजायला घेतल्या तिने, चाळीसच्या पुढे गेल्या आणि विचारते आई ही चाळीस वर्षांची का.

फळ्यासमोर

नाही नाही, सगळ्या रेघा वर्षाच्या नसतात. काही भरतीच्या, काही पावसाळ्यात पाणी गोड झालं तेव्हाच्या, काही नुसत्या दचकून वाढ थांबली त्याच्या. आपल्याकडच्या तिसऱ्या वर्ष-दोन वर्षांतच बाजारात यायच्या आकाराच्या होतात. थंड समुद्रात मात्र वर्षाची एक रेघ अशी मोजता येते. आइसलँडजवळ २००६ मध्ये एक शिंपली काढली होती, तिच्या रेघा २०१३ मध्ये पुन्हा नीट मोजल्या तर ५०७ वर्षं निघाली, म्हणजे जन्म १४९९ चा. शिवाजी महाराज जन्मले १६३० ला, तेव्हा ती शिंपली १३१ वर्षांची होती आणि तशीच वाळूत बसून पाणी गाळत होती. बोटीवर इतर नमुन्यांबरोबर फ्रीजरमध्ये ठेवली गेली आणि तिथे मेली, तिचं वय तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

हळदीचा प्रयोग फार आवडला. मी ३१ वर्षं यासाठी कारमाइन नावाची लाल रंगाची पावडर वापरत आलो, हळद सुचली नाही.

ऐरोलीकर

सर, हे तिला वाचून दाखवलं तर आता ती एक तिसरी शिजवू देत नाहीये. बाकीच्या झाल्या, चांगल्या दहा मिनिटं उकळून, पण एक अजून बाऊलमध्ये आहे. उद्या जेट्टीवर जाऊन खाडीत सोडायची म्हणते. सोडली तर जगेल का?

खाडीवाला

ताई आधी मावशींना विचारा माल कुठला आहे. आजकाल अर्धा माल रत्नागिरीकडनं पण येतो, तिथल्या स्वच्छ खाऱ्या पाण्यातली इथल्या पाण्यात टिकणार नाही, उगाच पोरीच्या जिवाला लागेल. आपल्याच खाडीची असेल तर जेट्टीवरनं खाली टाकू नका, तिथं खोल आहे आणि गाळात आडवी पडून बुजेल. सुकती संपून पाणी परत चढायला लागतं तेव्हा कडेला जिथं चिखल जरा घट्ट आहे, वाळू मिसळलेला, तिथं नुसती वर ठेवा. पुरू नका, ती आपली आपण जाते. तिला तोंड कुठं करायचं ते माहीत असतं. पोरीला म्हणावं पाणी घोट्याला लागेपर्यंत उभी राहून बघ, आणि चपला काढून जा, चिखलात अडकतात. परवा पुनव आहे, सकाळी सातनंतर पाणी फिरेल, आणि मोठं माणूस सोबत असू द्या.

ऐरोलीकर

विचारलं. इथलीच आहे म्हणाल्या. अलार्म लावलाय.